साहेब व्हेरी अस्ट्यूट

शांघायच्या आमच्या ऑफिसात इंग्रजीची अडचण कुणालाही येवो, ती शेवटी माझ्याच टेबलावर येऊन बसते. सगळे मला 'लाओशी' म्हणतात, म्हणजे गुरुजी. बिनपगारी गुरुजी. जेवणाच्या सुट्टीतही सुटका नाही.

चीनमध्ये इंग्रजी शब्द पाठ करायची जाडजूड पुस्तकं मिळतात. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांचा श्रीगणेशाच 'अबँडन'ने होतो, म्हणजे सोडून देणे. बहुतेक विद्यार्थी तेवढा एक शब्द शिकून लगेच अमलात आणतात, हा तिथला जुना विनोद. आमच्या अकाउंट्समधल्या बाई मात्र चिवट. त्या थेट 'अस्ट्यूट'पर्यंत, म्हणजे चाणाक्षपर्यंत पोचल्या आणि माझे ग्रह फिरले.

आधी उच्चार. चिनीत 'स्ट'सारखं जोडाक्षर नाही, शब्दाच्या शेवटी 'ट' येत नाही. त्यामुळे 'अ-स-त्यू-त' असा शब्द हप्त्याहप्त्याने बाहेर पडायचा. मग व्याकरण. चिनी विशेषणाला 'आहे' लागत नाही, आधी 'हन' म्हणजे 'फार' लावलं की भागतं. म्हणून 'माय हजबंड व्हेरी अस्ट्यूट'. शिवाय बोलताना तो आणि ती दोन्ही 'ता'च, त्यामुळे पुढच्याच वाक्यात नवऱ्याची 'शी' झालेली.

खरी गोची अर्थाची. कोशात समोर 'जिंगमिंग' लिहिलेलं. शब्द तसा कौतुकाचा, पण आपण एखाद्याला "पक्का आहे हं!" म्हणतो त्यातला. बाकीचा चीन शांघायकरांना जिंगमिंग म्हणतो आणि ते ऐकून हसावं की भांडावं हे शांघायकरांना कळत नाही. नेत्यांच्या निर्णयांसाठी 'यिंगमिंग' असा वेगळा, सोवळ्यातला शब्द आहे. मी समजावलं, इंग्रजीत गुंतवणूकदार अस्ट्यूट असतो, निरीक्षक असतो, एखादी खेळीही असते.

"आणि पाणबुडी?" बाईंनी फोन पुढे केला.

ब्रिटिश नौदलाची 'अस्ट्यूट' नावाची अणुपाणबुडी खरंच आहे. २०१० च्या ऑक्टोबरात ती स्कॉटलंडच्या स्काय बेटाजवळ उथळ पाण्यात रुतून बसली होती. हे उदाहरण परीक्षेत देऊ नका, एवढंच मी म्हणालो.

तेवढ्यात साहेबांचा वाढदिवस आला. साहेब ईशान्य चीनमधल्या हार्बिनचे. तिकडची माणसं स्वतःला रांगडी, मोकळ्या मनाची म्हणवून घेतात. कार्डावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात 'यू व्हेरी अस्ट्यूट'. साहेबांनी फोनमधला कोश उघडला. जिंगमिंग दिसताच चेहरा बदलला.

"ही शांघायकरांची कल्पना का?"

अख्ख्या ऑफिसने माझ्याकडे बोट दाखवलं.

"इंग्रजीत चांगला अर्थ आहे, साहेब," मी घाईघाईने म्हणालो. "चोख पारख असलेला माणूस. ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही असा."

साहेब खूश झाले. त्यांनी कार्ड नीट घडी करून खिशात घातलं आणि माझ्या गेल्या महिन्याच्या टॅक्सीच्या पावत्या मागवल्या.