हिटलरला बहुमत मिळाले तरी कधी?

‘१९२३च्या महागाईने होरपळलेल्या जर्मन जनतेने हिटलरला बहुमताने निवडून दिले आणि मग त्याने कायद्याला धरूनच सगळी सत्ता हातात घेतली,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. त्यातल्या तिन्ही गोष्टींत गफलत आहे.

महागाईचे आधी उरकू. नोव्हेंबर १९२३मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते, हे खरे. पण त्याच महिन्यात रेंटेनमार्क हे नवे चलन आले आणि घसरण थांबली. मे १९२४च्या निवडणुकीत, हिटलर तुरुंगात असताना, त्याच्या साथीदारांच्या संयुक्त यादीला ६.५ टक्के मते पडली. मे १९२८मध्ये नाझी पक्ष २.६ टक्क्यांवर होता, जागा १२. सप्टेंबर १९३०मध्ये एकदम १८.३ टक्के आणि १०७ जागा. मध्ये आली ती जागतिक मंदी. १९३२च्या सुरुवातीला ६० लाखांवर लोक बेकार होते आणि भाव वाढत नव्हते, उतरत होते. चॅन्सेलर (सरकारप्रमुख) ब्रूनिंग घटनेच्या ४८व्या, म्हणजे आणीबाणीच्या, कलमाखाली राष्ट्राध्यक्षांच्या सहीने वटहुकूम काढून पगार आणि भत्ते कापत सुटले होते. नोटांच्या ढकलगाडीचा फोटो हिटलरच्या विजयाखाली चिकटवणाऱ्यांनी निदान साल तरी पाहावे.

‘बहुमता’चा घोळ आपल्या सवयीतून होतो. आपल्याकडे ३७ टक्के मतांतही लोकसभेत स्पष्ट बहुमत मिळू शकते. तिथे साधारण ६० हजार मतांमागे एक जागा असा हिशेब होता. त्यामुळे जेवढी मते तेवढ्याच जागा, आणि मतदान वाढले की सभागृहच मोठे व्हायचे. एप्रिल १९३२मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी हिंडेनबुर्ग यांना ५३ टक्के आणि हिटलरला ३६.८ टक्के मते मिळाली. जुलैत नाझींना ३७.३ टक्के, म्हणजे ६०८पैकी २३० जागा. मुक्त निवडणुकीतला त्यांचा हा उच्चांक. नोव्हेंबरमध्ये सुमारे २० लाख मते गळाली: ३३.१ टक्के, ५८४पैकी १९६. डिसेंबरात ग्रेगोर श्ट्रासरसारख्या बड्या नेत्याने पक्षातली पदे सोडली.

अशा उतरत्या काळात ४ जानेवारी १९३३ला माजी चॅन्सेलर पापेन आणि हिटलर कोलोनमध्ये श्र्योडर या बँकरच्या घरी भेटले. ३० जानेवारीला हिंडेनबुर्गनी हिटलरला चॅन्सेलर नेमले. नेमले, निवडले नव्हे. मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी तिघेच होते, त्यामुळे त्याला मुठीत ठेवता येईल असा पापेन यांचा होरा. अर्थात मतदारही सगळे निर्दोष नव्हते. जुलै १९३२मध्ये नाझी आणि कम्युनिस्ट मिळून ३१९ जागा होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त सभागृहाला ते प्रजासत्ताकच नको होते.

राहिले ‘कायद्याला धरून’. फेब्रुवारीत नाझी मंत्री ग्योरिंगने प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्यात सुमारे ५० हजार जणांना सहायक पोलीस केले. त्यात बहुतेक नाझी दलांचेच लोक होते. २७ फेब्रुवारीला संसदभवन पेटले. दुसऱ्याच दिवशी वटहुकमाने व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, सभा आणि पत्रांची गुप्तता हे हक्क स्थगित झाले. एवढे करूनही ५ मार्चला नाझींना ४३.९ टक्केच मते मिळाली. सरकारमधले भागीदार हुगेनबेर्ग यांच्या राष्ट्रवादी पक्षाचे ८ टक्के धरले तेव्हा कुठे निम्मी ओलांडली.

२३ मार्चला, जळालेल्या संसदभवनाऐवजी क्रोल ऑपेरागृहात, सरकारला संसदेविना कायदे करू देणारा विशेषाधिकार कायदा आला. त्याला दोन-तृतीयांश सदस्यांची हजेरी आणि हजर असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश मते लागत. सभासद ६४७. ८१ कम्युनिस्टांना येऊच दिले नाही, तर सोशल डेमोक्रॅटांचे २६ जण अटकेत, परागंदा किंवा अन्यथा गैरहजर होते. बाकीच्यांनी बहिष्कार टाकून गणपूर्ती मोडू नये म्हणून संसदेचा अध्यक्ष असलेल्या ग्योरिंगने नियमच फिरवला: विनापरवानगी गैरहजर राहणारा हजर समजायचा! आत नाझी दलाचे तपकिरी गणवेशातले स्वयंसेवक उभे होते. अशात सोशल डेमोक्रॅटांचे नेते ओटो व्हेल्स विरोधात बोलले आणि त्यांच्या पक्षाचे हजर असलेले सर्व ९४ जण विरोधात गेले. बाजूने ४४४ मते पडली, त्यात कॅथलिक झेंट्रुम पक्षाचीही होती.

१४ जुलैला नाझींखेरीज इतर सर्व पक्षांवर बंदी आली. मग १२ नोव्हेंबर १९३३च्या निवडणुकीत नाझींना ९२ टक्के मते पडली. मतपत्रिकेवर यादी एकच होती.