"आयपीव्ही६? हो, आहे ना!"

आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत. ती असलेलं कनेक्शन हवं असेल, तर कस्टमर केअरला "आयपीव्ही६ आहे का?" असं विचारण्यात काही राम नाही. उत्तर "हो"च येतं. हे प्रकरण १९९८ सालचं, जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही४च्या, पत्त्यांचं मध्यवर्ती कोठार २०११मध्ये रिकामं झालं. पण फोनवरच्या माणसाला अजून वाटतं की आपण सहा महिन्यांच्या प्लॅनची चौकशी करतोय.

माझं ऐका, सरळ विचारा, "प्रीफिक्स केवढा देता?" प्रीफिक्स म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, त्यावरून घराला केवढा पत्त्यांचा गट मिळतो ते ठरतं; तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका लहान, तितका गट मोठा. पलीकडे चिडीचूप झालं की फोन नेटवर्कवाल्याकडे द्यायला सांगा. तो "/५६" म्हणाला तर त्याचे पाय धुवून पाणी प्यायलाही माझी हरकत नाही: त्यातून /६४ची २५६ नेटवर्कं निघतात. नुसता "/६४" म्हणाला तर नेटवर्क एकच. त्यात पत्ते म्हणाल तर जुन्या अख्ख्या इंटरनेटच्या ४२९ कोटींचा वर्ग. तरी पाहुण्यांचं वायफाय वेगळं काढता येत नाही, कारण उपकरणं स्वतःचा पत्ता स्वतः बनवतात ती पूर्ण /६४ असेल तरच. लगे हात प्रीफिक्स कायम राहतो का, तेही विचारा.

जोडणीला आलेला माणूस राउटरच्या पानावर 'एफई८०'ने सुरू होणारा पत्ता दाखवून "आलं बघा" म्हणेल. त्याला चहा द्या, सही देऊ नका. तो पत्ता राउटर स्वतःच तयार करतो, त्यात कंपनीचं कर्तृत्व शून्य. खरा पत्ता २ किंवा ३ने सुरू होतो. मात्र २००२ दिसलं तर तो जुनाट बोगदा समजा, म्हणजे आयपीव्ही४च्या पोटातून नेलेलं आयपीव्ही६. राउटरमध्ये प्रीफिक्स डेलिगेशन, म्हणजे कंपनीकडून घरासाठी प्रीफिक्स मागून घेण्याची सोय, चालू नसेल, तर पत्ता राउटरपर्यंत येऊन तिथेच मुक्काम ठोकतो.

यापुढचा आजार छुपा. छोटी पानं उघडतात, मोठी लटकतात. आयपीव्ही६मध्ये वाटेतले राउटर पॅकेट, म्हणजे माहितीचा गठ्ठा, तोडत नाहीत, "फार मोठं आहे" असा आयसीएमपी निरोप (नेटवर्कची आपसातली सूचना) परत पाठवतात. आणि कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली नेमका तोच अडवलेला असतो. पीपीपीओईवर (युझरनेम-पासवर्ड टाकून होणाऱ्या जोडणीवर) एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, १४९२ बाइट असतो. तिथे एमएसएस, म्हणजे पॅकेटमधल्या नुसत्या मजकुराची मर्यादा, १४३२वर आणला की टीसीपीपुरतं, म्हणजे वेबपानं वगैरे ज्यावरून येतात तेवढ्यापुरतं, भागतं. आयपीव्ही६ची जोडणीच जुळली नाही, तर ब्राउझर मात्र गुपचूप आयपीव्ही४वर उडी मारून ते झाकतो, म्हणून तपासताना लॅपटॉपवर आयपीव्ही४ बंदच करा.

तक्रार केलीत की "राउटर बंद करून चालू करा" हे आलंच. प्रीफिक्स बदलणारी कंपनी असेल, तर त्याआधी जुना लिहून ठेवा. फायरवॉलमध्ये, म्हणजे ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्याच्या नियमांत, तो जुना प्रीफिक्स कुठे कुठे बदलायचा ते त्यावरूनच शोधावं लागेल.