ताईचा हिस्सा सुखाने पचवायचा असेल तर

भाऊबीज झाली, मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या, वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव निघाल्या. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम आणि बहिणींकडून जमिनीचा हिस्सा सोडवून घ्यायच्या हक्कसोडपत्रांचा हंगाम एकाच मुहूर्तावर उघडतो. नाटकाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असतं, दुसऱ्याचं कुणी सांगत नाही. म्हणून होतकरू भावांसाठी ही थोडी मदत.

मुहूर्त मंडईचाच धरा. लेकी माहेरी येतातच, वेगळं बोलावणं पाठवलं की जावयाला शंका येते. ओवाळणीचं ताट अजून देव्हाऱ्यापुढे असतानाच हळूच विषय काढा, "ताई, एक सही लागते, बँकेचं काम आहे." बँक नको वाटली तर पीकविमा म्हणा, धानाचा बोनस म्हणा. 'हक्कसोड' हा शब्द मात्र घरात काढायचा नाही. रजिस्ट्रीच्या ऑफिसात फोटो निघतो, अंगठा लागतो, साहेब एखादा प्रश्न विचारतो. त्यावर फक्त "हो" म्हणायचं, एवढं तिला गाडीतच पढवून ठेवा.

वारस नोंदीच्या वेळी बहिणींची नावं विसरा. बैलजोडीची आठवली तरी पुरे.

फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात. बहिणीचा पत्ता माहेरचाच द्या, म्हणजे नोटीस तुमच्याच हातात पडते.

तिच्या लग्नात किती खर्च झाला ते दरवर्षी सांगा. जावयाला दिलेल्या गाडीची किंमत साल-दर-साल वाढवत न्या. जमिनीची किंमत मात्र बाप गेला त्या वर्षीचीच धरा. भंडारा–गडचिरोली महामार्गाचं नाव निघाल्यापासून रस्ता गावावरून जावो न जावो, एकरी भाव कुठच्या कुठे गेला, हे ताईच्या कानावर जाणार नाही याची काळजी घ्या.

आणि नाटक पाहा. हे अगदी विसरू नका. रात्री दहानंतर पडदा उघडतो, कोंबडं आरवेपर्यंत चालतं, आणि तेवढ्या वेळात अख्ख्या वर्षाचं पाप डोळ्यांवाटे वाहून जातं. परवाच्या नाटकाचं नाव सांगत नाही. बहीण, कुंकू, माहेर यातले कोणतेही दोन शब्द जुळवा, जवळपास पोहोचाल. थोरला भाऊ जमिनीसाठी लहान बहिणीला घराबाहेर काढतो, माय झुरून मरते, शेवटी भावाला उपरती होते. माझ्या बाजूच्या खुर्चीवर माझा चुलतभाऊ होता. ऑर्गनवर तो करुण सूर लागला, बहीण पोटाशी गाठोडं धरून दारातून वळली, आणि हा गडी दुपट्ट्यात तोंड घालून हुंदके देऊ लागला. मागच्या बायाही याच्याकडे पाहून रडू लागल्या. थोरल्या भावाचं काम करणारा नट पुन्हा आला तेव्हा तर हा उभा राहून ओरडला, "अरे, फासावर द्या हरामखोराले!" बिचारा नट. पोटासाठी रात्रभर शिव्या खातो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा खातो.

मध्यंतरात आलुबोंडा खाता खाता हाच चुलतभाऊ मला म्हणतो, "सोमवारी खाली हायस का गा? रजिस्ट्रीले एक साक्षीदार कमी पडून राहिला. ताई येऊन राहिली सहीले."

डोळे अजून लाल होते त्याचे! मी म्हटलं, ताईला माहीत आहे का? तर म्हणे, "तिले काय समजते त्यातलं?" आणि चटणी मागायला गेला. दुसऱ्या अंकात पुन्हा रडला. पहिल्यापेक्षा जास्त. आपल्याकडच्या नाटकवाल्यांनी लोभाचे दुष्परिणाम इतकी वर्षं गावोगाव, रात्ररात्र जागून दाखवले. आपण तिकीट काढून पाहिले, टाळ्या वाजवल्या, आणि सकाळी त्याच दुपट्ट्याने तोंड पुसून तहसीलच्या गावाला गेलो.

कायद्याचं मनावर घेऊ नका. लेकींना बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, 2005 मध्ये तो देशभर झाला. 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने तर स्पष्टच सांगितलं की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, कायदा लागू झाला त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, बाप जिवंत असो की नसो. तीन न्यायमूर्ती बसले होते. त्यातला एकही आपल्या पारावर येत नाही.

हा निकाल मला कुणी समजावून सांगितला, ठाऊक आहे? याच चुलतभावाने. बायकोचा हिस्सा मिळावा म्हणून पवनीकडच्या तिच्या भावांवर त्याने दावा टाकलाय. वकिलाने त्याला तारखांसकट पढवलं, आणि त्याने मला. "पोरीचा जन्मापासूनचा हक्क असते बाप्पा, कोणाच्या बापाची मेहरबानी नाही," हे त्याचेच शब्द.

मग तुझ्या बहिणीचा जन्म काय झाला नव्हता का रे?

तिने मागितला नाही, असं सांगू नकोस. मागितला तर माहेरचं दार बंद होईल, ही भीती तुम्हीच घातली तिच्या मनात. बा ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात होता तेव्हा रात्रीला उशाशी कोण बसत होतं? तीच. तुझं धान चुरायचं होतं. ती रोवण्याच्या दिवसांत घरचं सोडून तुझ्या बांधीत चिखलात उभी राहिली, तेव्हा ती परक्या घरची नव्हती. आता सातबाऱ्यावर नाव आलं तर परकी झाली? द्यायचं नसेल तर तसं तिच्या तोंडावर म्हण. ती सोडेलही कदाचित, आपल्याकडच्या बाया सोडतातच. पण बँकेचं काम आहे म्हणून तिचा अंगठा घेणं ही चोरी आहे. त्या नाटकातल्या थोरल्याने निदान उजेडात, चारचौघांसमोर बहिणीला हाकललं. तुझ्यात तेवढीही धमक नाही. कागद वाचून दाखव तिला, गट नंबरासकट, शेवटच्या ओळीपर्यंत. मग घे सही.