घरातला पाऊस

लीड्समधलं आमचं घर 1890च्या आसपासचं, लाल विटांच्या रांगेतलं. दाखवताना एजंट म्हणाला होता, ‘या घराला कॅरेक्टर आहे.’ ते कसलं, हे पहिल्या नोव्हेंबरात कळलं. सकाळी पडदा सारला तर काचेवरून ओघळ, चौकटीत तळं आणि कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी. लग्नातला सूट काढला, तर त्याच्या खांद्यांवर हिरवट लव आली होती. घालायचा की त्याला पाणी घालायचं, ते कळेना.

आई तेव्हा चिपळूणहून आली होती. तिनं भिंतीवर तळवा टेकवला, तो हुंगला आणि विचारलं, “यंदा शाकारणी केली नव्हतीत का?”

“आई, इथे कौलं नाहीत. आणि छप्पर गळत नाहीये.”

“मग पाणी काय भिंतीला पाझर फुटून येतंय?”

शेवटी घर तपासणारा माणूस बोलावला. त्यानं दोन सुयांचं यंत्र भिंतीला टोचलं, आकडे बघितले आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, की बाहेरून थेंबही येत नाहीये. “घरात स्वयंपाक बराच होतो का?” नेमकी तेव्हाच कुकरची तिसरी शिट्टी झाली. गृहस्थानं वहीत काहीतरी लिहिलं.

तर हिशेब असा. 20 अंशांच्या हवेत घनमीटरमागे साधारण 17 ग्रॅम वाफ मावते, 10 अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ. आमच्या वरणभाताची वाफ जिना चढून उत्तरेच्या गार खोलीत जाते, 9 इंची भरीव भिंतीला टेकते आणि तिथेच अंग टाकते. नंतरच्या काळातल्या भिंतींत दोन थरांमध्ये पोकळी असते, या बिचारीच्या पोटात नुसत्या विटा. पूर्वी कोळसा जळायचा आणि धुराडं घरातली दमट हवाही ओढून न्यायचं. ते कुणीतरी फळी ठोकून बुजवलं, वर रंग दिला. घराचं नाक दाबलं, आणि आता म्हणे तोंड उघडा, म्हणजे खिडक्या.

इथून युद्ध सुरू झालं. मी खिडकी उघडायचो, आई लावायची. “हीटर चालू आणि खिडकी सताड? पैसे उतू चाललेत का?” या प्रश्नाला पदार्थविज्ञानात उत्तर असेल, आमच्या घरात नव्हतं. पण तिनं आणलेला चिवडा चौथ्या दिवशी सादळला. खाताना कुरकुर चिवड्याची येईना, फक्त आईची येत होती. त्यानंतर मात्र ती नरमली.

मग हवेतलं पाणी शोषणारं यंत्र आणलं. पहिल्या रात्री टाकीत पावणेदोन लिटर! आईनं ती दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली. “हे सगळं आपलं?” त्या दिवसापासून तिनं कॅलेंडरवर नोंदी सुरू केल्या. ‘सोमवार, वाल, दीड लिटर.’ ‘शनिवार, पाहुणे चार, दोनच्या वर.’ भातावर झाकण आलं, सुनेच्या लांबलेल्या आंघोळीवर टिप्पणी आली.

गेल्या बुधवारी घरात फक्त थालीपीठं झाली होती. गुरुवारी सकाळी आई टाकी घेऊन माझ्या दारात उभी.

“काठोकाठ भरल्ये. रेडिएटरवर जीन्स कुणी टाकली रे?”