अ‍ॅक्रिलिक फुटत नाही, हे कुणी सांगितलं?

बुलेटवाल्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. परवा तो भाच्याने पाठवला, खाली "मामा, रविवारी हेच करू" असं लिहून. सार असा: गाडीची पुढची काच विकत घेऊ नका. फ्लेक्स-बोर्डवाल्याकडून 3 मिमी अ‍ॅक्रिलिक शीट (बोर्डाच्या अक्षरांचं पारदर्शक प्लास्टिक) आणा, हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) वाकवा, चार बोल्ट कचकून आवळा. अ‍ॅक्रिलिक फुटत नाही, पिवळं पडत नाही. पॉलिकार्बोनेट (दुसरं एक पारदर्शक प्लास्टिक) हा कंपन्यांचा धंदा, ते पिवळं होतं. डाग पेट्रोलने पुसा, ओरखडे टूथपेस्टने घालवा. भाच्याला फोनवर समजावलं. पण शीट आणायला निघालेली लेकरं बीड, लातूर, परभणीत आणखी असणार, म्हणून इथे लिहितो.

आधी "फुटत नाही" हे घेतो, कारण त्याने कुणाचा तरी डोळा जाईल. अ‍ॅक्रिलिक साध्या काचेपेक्षा चिवट आहे, हे मान्य. पण ते फुटतं, आणि फुटलं की अणकुचीदार तुकडे उडतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांत वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक छत अ‍ॅक्रिलिकचं असे. गोळीबारात ते फुटून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. हॅरल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञांनी पाहिलं की ते कण आत राहूनही डोळा फारसा बिघडत नाही, आणि त्यावरून त्यांनी 1949 मध्ये लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाला पहिलं अ‍ॅक्रिलिकचं भिंग बसवलं. आज शिबिरात आपल्या आजीच्या डोळ्यात बसतं त्या भिंगाचं मूळ हे आहे. अ‍ॅक्रिलिक डोळ्यात कसं जातं, याचा याहून मोठा पुरावा कोणता द्यायचा? गाडीवर तर ते तोंडापासून हातभर अंतरावर असतं. समोर खडीचा टिप्पर किंवा उसाची ट्रॉली, आपला वेग 80. आणि गाडी कशाला धडकली की छाती त्या काचेवरच आदळते.

हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची असते ती याचसाठी. दोन्हींतला फरक घरी बघता येतो. शीटची बोटभर रुंद पट्टी कापा, गॉगल घाला, पट्टी जाड फडक्यात गुंडाळून पकडीने काटकोनात वाकवा. पॉलिकार्बोनेट दुमडतं, दुमडीवर थोडं पांढुरकं होतं, तुटत नाही. अ‍ॅक्रिलिक कडकन मोडतं आणि मोडलेली कड सुरीसारखी लागते. दुकानदार काहीही म्हणो, खरेदीच्या आधी तुकडा मागून ही परीक्षा घ्या.

पिवळेपणाचं निम्मं खरं आहे, तेवढं कबूल करतो. साधं पॉलिकार्बोनेट उन्हात काही वर्षांत पिवळं आणि ठिसूळ होतं, अ‍ॅक्रिलिक होत नाही. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडेही कमी पडतात. मोठ्या टूरिंग गाड्यांच्या काही काचा अ‍ॅक्रिलिकच्या असतात, हेही खरं, पण ते जाड असतं आणि मार सोसण्यासाठी वेगळं बनवलेलं असतं, बोर्डाच्या अक्षरांचं नव्हे. पॉलिकार्बोनेट घेताना यूव्ही थर (उन्हातली अतिनील किरणं अडवणारा पातळ थर) असलेलं मागा. थर कोणत्या बाजूला आहे ते चिकटवलेल्या फिल्मवर छापलेलं असतं, ती बाजू बाहेर, उन्हाकडे ठेवायची. फिल्म आधीच सोलून टाकलीत तर बाजू ओळखू येत नाही. आणि शेडवर घालतात ती पोकळ शीट नको, भरीव म्हणजे कॉम्पॅक्ट हवी.

हीट गनचं काम बिघडतं ते उष्णता एकसारखी न लागल्याने. अ‍ॅक्रिलिक वाकवायला सगळी शीट साधारण 150 ते 160 अंशांपर्यंत सारखी तापावी लागते, त्याला भट्टीच हवी. गनने एक जागा बुडबुडे येईपर्यंत तापते, शेजारची थंडच राहते, आणि आत बसलेला ताण पुढे भेगांतून निघतो. पॉलिकार्बोनेट तापवायचं तर आधी 120 अंशांच्या आसपास जाडीनुसार काही तास वाळवावं लागतं, नाहीतर आतल्या ओलाव्याचे फुगे येतात. मग तापवताच कशाला? पॉलिकार्बोनेट थंडच वाकतं. नियम एवढाच की गोलाईची त्रिज्या जाडीच्या 100 पटींहून कमी नको, म्हणजे 3 मिमीला 300 मिमी. बुलेटच्या साध्या काचेला एवढी गोलाई पुरते. बारीक दातांच्या पात्याने, फिल्म ठेवूनच कापा, कडा पॉलिश पेपरने घासा. लेझरवर पॉलिकार्बोनेट करपतं.

"कचकून आवळा" वाचून तर डोकंच फिरलं. परभणीत हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, आणि मेमध्ये उन्हात उभ्या गाडीची काच साठ अंशांपर्यंत तापू शकते. एवढ्या फरकाने 45 सेंमीची शीट दीड मिलिमीटरच्या आसपास वाढते. तिला सरकायला जागा नसेल तर भेग भोकापासूनच सुरू होते. 5 मिमीच्या बोल्टला 7 मिमीचं भोक, कडेपासून किमान 15 मिमी आत. खाली लाकूड धरून स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांच्या शंकूसारख्या बिटने) सावकाश पाडा. रबरी बुश, नायलॉन वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने न सुटणारा). हाताने घट्ट झाल्यावर पाव फेरा, बस. थ्रेड लॉकर (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांवर लावतात तो गोंद) लावू नका, दोन्ही प्लास्टिकं त्याने तडकतात.

पेट्रोल, थिनर, अमोनियाचं ग्लास क्लीनर: तिन्ही नको. टूथपेस्टने अ‍ॅक्रिलिकचे हलके ओरखडे जातात, पण पॉलिकार्बोनेटवरचा यूव्ही थर 50 मायक्रॉनच्या आसपास असतो, तोही घासला जातो. धूळ पाण्याने सोडवा, किड्यांवर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग साबणाचं पाणी.

अ‍ॅक्रिलिक आधीच बसवलं असेल तर आज बोल्टभोवती टॉर्च तिरकी धरून बघा. भोकापासून केसासारख्या चकाकत्या रेघा निघालेल्या दिसल्या तर ती काच काढून ठेवा आणि नवी होईपर्यंत बिनकाचेची गाडी चालवा.