आपल्यात असले काही नसते

भाचीचे लग्न येत्या डिसेंबरात पुण्यात आहे आणि गेले तीन आठवडे आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एकच वाद चालू आहे, तो म्हणजे आदल्या संध्याकाळी 'संगीत' असावे की नसावे. थोरल्या काकांच्या मते हा उत्तरेकडचा प्रकार आहे; मराठी लग्नात सीमांतपूजन असते, सनई-चौघडा असतो, नाच नसतो. 'आपल्यात असले काही नसते' हे वाक्य त्यांनी आतापर्यंत चार वेळा लिहिले आहे. भाचीने त्यावर उत्तर म्हणून एक नृत्यदिग्दर्शक ठरवला, तालमींचे वेळापत्रक गटावर टाकले आणि प्रत्येक नातेवाइकाच्या वाट्याला दीड मिनिटाचे गाणे दिले. कंबोडियाच्या राजधानीत, नोम पेन्हमध्ये बसून हे वाचताना मला दोन्ही बाजूंचा सारखाच राग येतो.

मी अकरा वर्षे इथल्या एका कपड्यांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. पाऊस संपला की लग्नपत्रिकांचा ढीग टेबलावर साचू लागतो, त्याच पत्रिकेच्या पाकिटात पैसे घालून ते मांडवाच्या दारात द्यायचे, दहा जणांच्या गोल टेबलावर बसायचे आणि ग्लासात बर्फ पडत राहील तोवर जेवायचे. जेवण आटोपता आटोपता मधले एक टेबल मोकळे करून त्यावर फुलदाणी आणि फळे ठेवली जातात, आणि त्याभोवती रोमवोंग, म्हणजे गोल फिरत करायचा नाच, सुरू होतो. त्या वर्तुळात नवरीची आजी असते, शिलाईच्या लाइनवरच्या मुली असतात, कारखान्याचा वाहनचालक असतो, आणि कोणाच्याही वाट्याला दीड मिनिट आलेले नसते.

रोमवोंग कसा शिकायचा, असे मी पहिल्या वर्षी एका सहकारी बाईंना विचारले, तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. समोरच्याच्या पाठीमागे चालायचे, इतकेच त्यांचे उत्तर होते. पायांचे काम खरोखर तेवढेच असते: ठेक्यावर संथ चालणे, मध्येच किंचित थबकणे. माझी पंचाईत वेगळीच झाली. हे वर्तुळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याही उलट दिशेने फिरते, आणि लहानपणापासून देवळात वळलेले पाय दर वेळी चुकीच्या बाजूला निघत. हातांचे काम मात्र अवघड आहे. अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवायची, बाकीची तीन बोटे पंख्यासारखी फाकवून मागे वळवायची, मग मनगट फिरवून तळवा उघडायचा. एक हात छातीच्या उंचीवर असताना दुसरा कमरेजवळ, आणि पुढे त्यांची अदलाबदल. इथल्या शास्त्रीय अप्सरा नृत्यातील हस्तमुद्रांची ही घरगुती आवृत्ती वाटते. जोडीदाराला स्पर्श करायचा नसतो. सुरुवातीला आणि शेवटी समोरासमोर हात जोडले की पुरे. पाच-सहा लग्ने झाली तेव्हा माझी बोटे वळू लागली, आणि त्या बाईंनी 'बोंग (म्हणजे दादा), आता बरे' असे म्हटले. नोकरीतली बढतीही मला इतकी गोड लागली नव्हती.

काकांसाठी मी गटावर लिहिले ते यापुढचे. रोमवोंगनंतर रोमक्बाच हा दुसरा नाच होतो, मग दक्षिण लाओसातल्या प्रांताचे नाव मिरवणारा सारावान, आणि मग सगळा मांडव रांगा धरून चार दिशांना वळत मॅडिसन नाचतो. मॅडिसन हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालेले नृत्य. ते तिथे केव्हाच मागे पडले आणि इथे मात्र साठीच्या आज्याही त्याची पावले न चुकता टाकतात. हे आपल्यातले नाही, असे एकाही लग्नात मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

(त्याच मांडवाचे कर्णे पहाटे पाचला सुरू होतात आणि अर्धा रस्ता अडलेला असतो, हे मी गटावर लिहिले नाही. डीजेविरुद्ध मी स्वतःच तिथे परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलेले आहेत.)

दुसरीही एक गोष्ट मी सोयीने गाळली. ख्मेर, म्हणजे इथल्या लोकांना 'आपले' आणि 'त्यांचे' कळत नाही, असे मुळीच नाही. थायलंडमध्ये रामवोंग आहे, लाओसमध्ये लामवोंग आहे, आणि मूळ कोणाचे हा विषय जेवणाच्या टेबलावर काढला तर जेवण थंड होते. २०२३ साली नोम पेन्हला झालेल्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत थायलंड ज्याला 'मुए थाई' म्हणतो त्या मुष्टियुद्धाला 'कुन ख्मेर' हे नाव दिल्यावर थायलंडने त्या प्रकारात संघच पाठवला नाही. हाच वाद आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर चालला होता आणि मी समंजस परदेशी माणसासारखा मान डोलावत होतो.

ज्या बाईंनी मला हात शिकवले, त्यांच्या आईचे लग्न ख्मेर रूज या जहाल कम्युनिस्टांच्या राजवटीत, म्हणजे १९७५ ते १९७९ च्या दरम्यान लागले. वरून जोड्या ठरवल्या, ओळीने उभे केले आणि लग्ने लावली. गाणे नाही, वर्तुळ नाही. सिन सिसामुथ आणि रोस सेरेय सोथेआ हे लाडके गायक त्याच काळात नाहीसे झाले, आणि आज मांडवात निम्मी गाणी त्यांचीच वाजतात. त्या आजी प्रत्येक लग्नात शेवटपर्यंत नाचतात. त्यांच्याकडे पाहून मी काकांवर अधिकच चिडतो, जे अर्थातच अन्यायाचे आहे, कारण काकांनी कोणाचे गाणे बंद पाडलेले नाही.

पण त्यांचे वाक्य खोटे आहे. त्यांच्या सख्ख्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या फुगडीचे किस्से आमच्या घरात अजून सांगितले जातात. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा चालायचा आणि पुरुष माणसे बाहेरच्या खोलीत झोपायची. आपल्यात नाच नव्हता असे नाही. पांढरपेशा पुरुषांनी नाचायचे नाही, इतकाच नियम होता. हा नियम मी काकांहून अधिक कसोशीने पाळला. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून मी वर्षानुवर्षे उभा राहिलो, मित्र हात धरून ओढत तेव्हा पाय दुखतो असे सांगितले. इथे मी वर्तुळात शिरू शकलो, कारण इथे मी कोणाचा मुलगा, कोणाचा पुतण्या हे कोणालाच ठाऊक नव्हते. कारखान्याच्या स्नेहसंमेलनात 'तुमच्याकडचे काही दाखवा' असा आग्रह झाला, तेव्हा मला सातवीतल्या कवायतीतले लेझीमचे दोन हात आठवले, तेही लेझीम नसताना.

काल भाचीने तालमीची चित्रफीत पाठवली आणि खाली लिहिले: 'मामा, दुसरी रांग, डावीकडून तिसरा.' मी अजून हो म्हटलेले नाही. रात्री खोलीचे दार लावून ती चित्रफीत तीनदा पाहिली आणि उभा राहिलो. तर पहिल्याच ठेक्याला अंगठा तर्जनीला जुळला आणि पाय उलट्या प्रदक्षिणेला निघाले.