‘विमानही आधी श्रीमंतांचंच होतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की अंतराळ पर्यटनाच्या खर्चावर लिहिताना मी अंतराळाच्या सीमेपर्यंतची दहा मिनिटांची उडी आणि अंतराळ स्थानकावरचा मुक्काम एकाच मापाने मोजला; विमान-मोबाइलही आधी श्रीमंतांचेच होते, म्हणून माझा सूर उगाच रडका आहे; आणि टीका करण्यापेक्षा परवडणारं काही सुचवावं.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य, तिथे माझी गफलत झाली. 100 किमी वर जाऊन खाली येणं आणि पृथ्वीभोवती फिरत राहणं यांत दर किलोमागे साधारण तीसपट ऊर्जेचा फरक आहे. कक्षेत टिकायला सेकंदाला जवळपास 7.8 किमी वेग लागतो. उंचीचा खर्च त्यापुढे किरकोळ.

मोबाइलचा दाखला मात्र पटत नाही. मोबाइल स्वस्त होत गेला, इथे उलट घडलं. अशी उडी विकणाऱ्या व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचं तिकीट सुरुवातीला 2 लाख डॉलर होतं, 2013 मध्ये अडीच लाख, 2021 मध्ये साडेचार लाख. अमेरिकी उद्योजक डेनिस टिटो 2001 मध्ये सुमारे 2 कोटी डॉलर मोजून स्थानकावर गेले; 2022 च्या अ‍ॅक्सिअम या खासगी कंपनीच्या मोहिमेत तीच खुर्ची साडेपाच कोटींची झाली होती.

आणि दोष इंधनाचा नाही. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन 9 रॉकेटमधलं केरोसीन व द्रव ऑक्सिजन मिळून काही लाख डॉलरचं, उड्डाणाचा दर मात्र 7 कोटींच्या आसपास. पैसा जातो दर वेळी फेकून दिल्या जाणाऱ्या वरच्या टप्प्यात, परत आलेल्या भागांच्या तपासणीत आणि यान उडो न उडो, पगार घेणाऱ्या माणसांवर. विमान दिवसाला चार-पाच फेऱ्या मारतं, तिथे हाच बोजा शेकडो तिकिटांवर पसरतो. इथे आसनं चार ते सहा आणि वर्षाला फेऱ्या मोजक्या! स्पेसएक्सच्याच स्टारशिप या नव्या महारॉकेटचे दोन्ही टप्पे परत वापरता आले तर हिशोब बदलेल, पण उष्णतारोधक टाइल्स दर फेरीनंतर बदलत बसावं लागलं नाही तरच. शिवाय बिघाड झाल्यास माणसांना रॉकेटपासून झटकन दूर नेणारी फाल्कन 9 वरच्या क्रू ड्रॅगन यानासारखी सोय त्यात नाही.

भारतात राहणाऱ्यांना आणखी एक पेच: परदेशी पैसे पाठवायची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. 2021 च्या दराने साडेचार लाखांचं तिकीट घ्यायचं असतं तर अर्धे मार्चमध्ये, उरलेले एप्रिलमध्ये.

आता परवडणारं. अमेरिकेत झिरो-जी कंपनीचं बोइंग 727 साधारण 15 पॅराबोला, म्हणजे कमानीसारखे चढ-उतार, मारतं, प्रत्येकात वीसेक सेकंद. सुरुवातीच्या काहींत मंगळावर-चंद्रावर भरेल तेवढं वजन, पुढे शून्य. शून्य वजनाच्या वेळेची बेरीज उडीतल्या तीन-चार तरंगत्या मिनिटांपेक्षा कमी भरत नाही आणि खर्च दहा हजार डॉलरच्या आसपास. काळं आकाश दिसणार नाही, एवढंच. उलटी होते ती बहुधा तरंगताना केलेल्या कसरतींमुळे नाही, तर विमान वर खेचलं जाताना, वजन पावणेदोनपट झालेलं असताना मान वळवल्याने. त्या वेळी पाठीवर पडून छताच्या एकाच ठिपक्याकडे बघत राहायचं.